बिननावाची गाडी

पितृपक्षात कुणी नवी मोटार घरी आणत नाही. शोरूमवाले पंधरवडाभर माश्या मारत बसतात. पण दसऱ्याला ज्यांच्या दारात हार घातलेली मोटार उभी राहायची असते, त्यांची मोटार आमच्याकडून निघते ती याच पंधरवड्यात. त्यामुळे इकडे काळेवाडीत गच्चीगच्चीवर कावळ्यांची मनधरणी चाललेली असते आणि तिकडे चाकणहून नव्याकोऱ्या मोटारी घेतलेले ट्रेलर एकामागोमाग एक चिंचवडच्या मालधक्क्याकडे सरकत असतात. लोकांना हा पंधरवडा अशुभ वाटतो. मला तो आला की हुरूप येतो, पण हे मी आईसमोर बोलत नाही.

यंदाही तो आला. ऊन चटके देऊ लागलं, शेजारच्या घरातून वड्यांचा वास येऊ लागला, आणि मी पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या भरून ड्यूटीवर निघाले. मी मालगाडीची गार्ड आहे. मध्यंतरी रेल्वेने आमचं नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते गल्लीभर सांगितलं. एकाने विचारलं, मॅनेजर म्हणजे केबिन असेल की. अण्णा म्हणाले, हाय की, लोखंडाची हाय आणि ती सारखी हलत असते.

मालधक्क्यावर पोचलं की पहिल्यांदा नव्या मोटारींचा वास येतो. सीटवरच्या प्लास्टिकचा, रबराचा आणि कसल्याशा मेणाचा. आमच्या या गाडीचे डबे मात्र नवे नसतात. ते जुने प्रवासी डबे. माणसं वाहून वाहून थकले की रेल्वे त्यांची बाकं काढते, खिडक्या पत्र्याने बुजवते आणि दोन्ही टोकांना मोठी दारं करून देते. डब्याडब्यांच्या मधल्या फटींवर लोखंडी पत्रे टाकतात आणि मोटारी एका टोकाने आत शिरून, आतल्याआत डब्यांमागून डबे ओलांडत, दुसऱ्या टोकापर्यंत जातात. आत इतकी चिंचोळी जागा असते की मोटारीचं दार पुरतं उघडत नाही. चालवणारा खिडकीतून अंग चोरून बाहेर येतो. सगळ्या मोटारी आत गेल्या, दारं बंद झाली, सील लागली, की बाहेरून काहीच दिसत नाही. रंग उडालेल्या डब्यांची लांबलचक रांग तेवढी उभी असते. आत लाल, पांढऱ्या, निळ्या कोऱ्या मोटारी आहेत हे रस्त्यावरच्या माणसाला सांगूनही खरं वाटणार नाही.

या गाडीला नाव नाही. प्रवासी गाडीला नाव असतं, नंबर असतो, वेळ असते, तिच्या येण्याची सूचना तीन भाषांतून होते. मालगाडीला यातलं काही नसतं. तिची ओळख तिच्या पोटात काय आहे आणि ती कुठे चालली आहे यावर. खत. सिमेंट. रिकामी. आमच्या मोटारींच्या गाडीला इंग्रजीतली तीन अक्षरं आहेत, एनएमजी, आणि पुढे गाव लावायचं. ‘काय आहे?’ असं स्टेशनमास्तरने विचारलं की ‘गुवाहाटी एनएमजी’ म्हणायचं. कॉम्प्युटर तिला त्या फेरीपुरता एक नंबर देतो आणि गाडी पोचली की तो नंबरही विरघळतो. वॉकीटॉकीवर तिला हाक मारायची तर पुढे जे इंजिन लागलंय त्याचा नंबर घ्यायचा. इंजिनाला आम्ही पॉवर म्हणतो. पॉवर बदलली की हाकही बदलते.

गंमत म्हणजे गाडी गुवाहाटीची असली तरी मी दौंडची. दौंडला माझी ड्यूटी संपते, दुसरा गार्ड चढतो, दुसरा ड्रायव्हर येतो, आणि गाडी पुढे जाते. पुढे मनमाड, त्यापुढे कितीतरी नद्या आणि बोली. मी गुवाहाटी पाहिलेली नाही. तरी मालधक्क्यावरचे लोक मला पाहिलं की म्हणतात, ‘गुवाहाटीवाल्या मॅडम आल्या.’ मला ते ऐकायला आवडतं आणि मी कधी दुरुस्त करत नाही.

पण आज मला आठवतो आहे तो माझ्या नोकरीच्या सुरुवातीचा हंगाम. त्या वर्षी मी नवीन होते, आणि दसऱ्यापर्यंत मला एक उत्तर द्यायचं होतं.

झालं असं होतं की पुण्याच्या ऑफिसात एक टेबल रिकामं होत होतं. तिथल्या मोठ्या क्लार्क बाई भल्या होत्या. बायांनी मालगाडीवर जाऊ नये असं त्यांचं मत नव्हतं, पण ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डाच्या डब्यात, साधं बाथरूमसुद्धा नसतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, “तू हो म्हणालीस तर तुझं नाव पुढे करते. दसरा झाला की सांग.” मी घरी येऊन हे बोलून बसले, आणि तिथून आमच्या घरात दोन पक्ष झाले. आईचा पक्ष टेबलाचा. अण्णांचा पक्ष कुठला ते अण्णा सांगत नव्हते. आणि मी मधे, कधी इकडे, कधी तिकडे.

आईचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आमचं मूळ गाव लातूरकडचं. अण्णा चाकणच्या मोटार कंपनीत लागले तेव्हा ती दोन पातेली आणि मला घेऊन काळेवाडीत आली. तिने माणसांच्या वेळा सांभाळत आयुष्य काढलं. अण्णांची पहिली शिफ्ट, दुसरी शिफ्ट, तिसरी शिफ्ट, ओव्हरटाइम. शिफ्ट बदलती असली तरी तिला वेळ होती. माझ्या कामाला वेळ नव्हती. गाडी भरून झाली, सिग्नल मिळाला, पुढची लाइन मोकळी झाली, की निघायचं. एखाद्या आडबाजूच्या स्टेशनात बाजूला घालून ठेवलं की ठेवलं. आई जेवण झाकून ठेवायची आणि परत परत गरम करायची.

“नाव न्हाई, टाइम न्हाई, पोचायचं गाव न्हाई,” ती म्हणायची. “बायका इच्यारतात, पोरगी कोणत्या गाडीवर हाय? काय सांगू मी? मालावर हाय म्हणू?”

हे तिला खरंच लागत होतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचा भाचा प्रवासी गाडीवर तिकीट तपासनीस होता. त्या गाडीचं नाव घेतलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गाडी उभी राहायची. माझ्या गाडीचं कुणी काय डोंबल डोळ्यांपुढे आणणार? फाटकाशी खोळंबलेली माणसं जिला शिव्या देतात ती मालगाडी, एवढीच तिची प्रसिद्धी.

अण्णांना मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. ते कंपनीत दरवाजे बसवायच्या लाइनवर होते. उजवा पुढचा दरवाजा. लाइनवर आलेल्या प्रत्येक मोटारीला नंबर असतो आणि तो वाचल्याशिवाय दरवाजाला हात लावायचा नाही, अशी त्यांची शिस्त. एक दिवस चहा पिताना त्यांनी मला विचारलं, “वैशे, तुज्या गाडीचं नाव काय गं?”

“मालगाडीला नाव नसतं, अण्णा.”

“असं कसं? आमच्याकडं साधा आरसा बसवायचा म्हणलं तरी आधी गाडीचा नंबर वाचतेत. मग आमच्या एवढ्या नंबरच्या गाड्या तुमी बिननावाच्या गाडीत घालून पाठवता व्हय?”

मला हसू आलं. मी त्यांना सगळं सांगितलं. एनएमजी काय, पॉवर काय, ड्रायव्हरच्या आणि गार्डाच्या नावापुढे कॉम्प्युटरवर कसा कोड असतो, लॉबीत, म्हणजे आमच्या हजेरीच्या खोलीत, बोट टेकवलं की त्या कोडवर आपलं नाव कसं उमटतं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यातलं स्वतःच्या कामाचं तेवढं उचललं. “म्हणजे इंजिनाचा नंबर समजला की तुजी गाडी वळखता येईल,” ते म्हणाले.

त्यांच्या मनात काय आहे ते मला मागून कळलं. त्या हंगामाच्या शेवटी ते रिटायर होणार होते. दसरा-दिवाळीसाठी ज्या मोटारी निघत होत्या त्या त्यांच्या हातच्या शेवटच्या. आणि त्या मोटारी त्यांची पोरगी घेऊन जाते आहे, हे त्यांना लाइनवरच्या दोस्तांना दाखवायचं होतं. सांगून झालं होतं, पण सांगण्यावर दोस्तांचं भागत नव्हतं. त्यांचे जोडीदार लोखंडे काका, राजगुरुनगरकडचे, तेव्हापासून थट्टा करायचे. “आमी इतकी वर्सं कंपनीत हाय, गाड्या कुठं जात्यात ते काय आमी बघितलं न्हाई. आन् तुजी पोरगी घेऊन जाती म्हणतोस. कोणच्या गाडीनं जाती? नाव सांग की राव.”

त्या हंगामातली एक गोष्ट आठवली की मला अजून हसू फुटतं. गार्डाला एक पत्र्याची पेटी मिळायची. तीत झेंडे, दिवा, रुळावर लावायचे इशाऱ्याचे फटाके, औषधं, जड जड सामान. पेटीवर गार्डाचं नाव आणि मुख्यालय रंगवायचं असतं, म्हणजे डझनभर पेट्यांतून आपली ओळखता येते. मी रंगाची डबी आणायच्या विचारात होते तोवर अण्णा ती पेटी काळेवाडीच्या नंबरप्लेटवाल्याकडे घेऊन गेले. हा माणूस बुलेटच्या आणि जीपच्या नंबरप्लेटी रंगवण्यात पटाईत. त्याने माझं नाव सोनेरी रंगात, काळी सावली देऊन, वळणदार काढलं, आणि रिकामी जागा बघवेना म्हणून वर एक मुकुट काढला. मी ती लॉबीत नेली तेव्हा सगळे गार्ड चहा सोडून बघायला आले. पुढे कित्येक दिवस मला ‘महाराणी’ म्हणत होते. आता पेट्या गेल्या, चाकांच्या बॅगा आल्या. त्यांच्यावर नाव रंगवायला जागा नाही, कागदाचं लेबल अडकवतात. माझी पेटी घरी आहे आणि आई तीत पापड ठेवते.

नावाचा खरा आग्रह धरणारा माणूस मला भेटला तो निकम ड्रायव्हर. म्हणजे भेटला असं तरी कसं म्हणू? तो इंजिनात, मी शेवटच्या डब्यात, मधे अर्ध्या किलोमीटरहून लांब गाडी. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर ड्यूटी लागली तेव्हा ते आधीच इंजिनावर जाऊन बसले होते. वॉकीटॉकीवर खर्जातला आवाज आला, “मॅडम, तुमचं नाव?” मी म्हटलं, “गार्ड बोलतेय, गुवाहाटी एनएमजी.” ते म्हणाले, “ते गाडीचं झालं. तुमचं सांगा. मागे कोण आहे ते कळल्याशिवाय मी गाडी ओढत नाही.” मग मी नाव सांगितलं, त्यांनी स्वतःचं सांगितलं, आणि आम्ही निघालो. त्यांच्याबरोबर किती फेऱ्या झाल्या, पण समोरासमोर गाठ पडली ती त्या हंगामाच्या मध्यावर, दौंडच्या रनिंग रूममध्ये, जिथे आम्ही विश्रांती घेतो. आवाजावरून मी धिप्पाड माणूस धरला होता. समोर एक किरकोळ, चष्म्यातले गृहस्थ वरणभात कालवत बसले होते. तेही माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्ही होय? मला वाटलं, चाळिशीच्या बाई असतील.”

एकमेकांचं तोंड न बघता माणसं एकमेकांच्या भरवशावर एवढं वजन ओढून नेतात, याचा मला तेव्हा अभिमान वाटू लागला होता. पण तो अभिमान ब्रेकव्हॅनमधल्या बाकावर एकटं बसून वाटणारा. तो घरी आणून दाखवता येत नव्हता. आणि दिवस मावळेपर्यंत एखाद्या सायडिंगला, बाजूच्या रुळावर, उभं राहिलं, पाणी जपून प्यावं लागलं, पोटात कळ आली, की टेबलच बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

मग तो दिवस आला. अण्णांच्या आठवडी सुट्टीचा दिवस होता. त्यांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं की पिंपरीच्या रेल्वेपुलावर थांबतो. चिंचवडहून निघालेली गाडी पिंपरीच्या त्या पुलाखालूनच जाते. मी मालधक्क्यावर पोचले, इंजिन लागलेलं होतं, मी त्याचा नंबर फोन करून अण्णांना सांगितला. त्यांनी तो दोनदा म्हणून दाखवला. त्यांच्यामागे माणसांचा गलका ऐकू येत होता. लोखंडे काका आणि लाइनवरची आणखी मंडळी बरोबर होती, हे मला तेव्हाच कळलं. मग मी फोन बंद करून पेटीत ठेवला. गाडीवर असताना फोन वापरायचा नाही, असा नियम आहे आणि तो चांगला नियम आहे.

फोन पेटीत गेला आणि कंट्रोलकडून, म्हणजे गाड्यांची हालचाल ठरवणाऱ्या ऑफिसातून, निरोप आला की लागलेली पॉवर दुसऱ्या गाडीला द्यायची आहे. आमच्या कामात हे नेहमीचं. इंजिन सुटलं, निघून गेलं, बऱ्याच वेळाने दुसरं येऊन लागलं. वेगळ्या नंबरचं. आम्ही ब्रेक तपासले, निकमांनी नेहमीप्रमाणे नाव विचारलं, सिग्नल झाला आणि गाडी हलली. पुलावर बाप उभा आहे म्हणून गाडी थांबवून नंबर कळवता येत नाही.

पूल जवळ येताना मी डब्याच्या टोकाच्या उघड्या ओट्यावर येऊन बाहेर झुकले. पुलाच्या चिंचवडकडच्या कठड्याला सगळे रांगेत उभे होते. अण्णांनी ठेवणीतला पांढरा शर्ट घातला होता. इंजिन पुलाखाली शिरलं तेव्हा त्यांनी वाकून नंबर वाचला, नाही अशी मान हलवली, आणि दोस्तांना काहीतरी सांगितलं. मग ते सगळे वळले आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या गाडीकडे चालू लागले. माझा डबा अजून कितीतरी मागे होता. डब्यामागून डबा पुलाखालून जात राहिला आणि मी अण्णांची पाठ बघत राहिले. हाक मारली, पण एवढ्या चाकांच्या आवाजात माझी मलाच ती ऐकू आली नाही. पलीकडे निघाल्यावर मी आत येऊन बाकावर बसले आणि रडले. कासारवाडी येईपर्यंत रडले, मग डोळे पुसून झेंडा हातात घेतला, कारण स्टेशनात गार्डाला उभं राहावं लागतं.

दुसऱ्या दिवशी घरी आले तर अण्णा म्हणाले, “तुजी गाडी आलीच न्हाई की गं. दिवेलागणीपतोर थांबलो.” दोस्त चहा पिऊन, थोडी वाट बघून, थोडी थट्टा करून गेले होते. अण्णा एकटेच त्या नंबरची वाट बघत कठड्याला उभे राहिले होते. मी त्यांना काय झालं ते सांगितलं. ते ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडत राहिले. बोलली ती आई. “बघ. जन्म दिलेल्या बापाला पण तू दिसली न्हाईस. हो म्हण त्या बाईंना.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. त्या दिवशी मी मनातल्या मनात हो म्हटलं होतं, हे मला इथे लिहायला हवं. टेबलावर बसले की निदान शोधायला आलेल्या माणसाला सापडेन तरी, असं वाटलं.

पुढच्या ड्यूटीला लॉबीत निकम भेटले. त्यांना मी हे सांगितलं, चेष्टेच्या सुरात सांगितलं, पण त्यांनी चेष्टा केली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “वडील कुठल्या कठड्याला उभे होते?” मी म्हटलं, चिंचवडकडच्या. “मग तुम्ही त्यांना चुकीच्या बाजूला उभं केलंत,” ते म्हणाले.

आणि खरंच की. इतके दिवस मी ज्या कामात होते तेच मला दिसलं नव्हतं. गाडी स्टेशनातून जाते तेव्हा तिथला माणूस हिरवा झेंडा घेऊन बाहेर उभा असतो. इंजिनाला तो झेंडा दाखवतो हे खरं, पण तो तिथून हलत नाही. तो सबंध गाडी जाऊ देतो आणि शेवटचा डबा बघतो. शेवटच्या डब्याच्या पाठीवर एक पाटी असते, शेवट झाल्याची खूण म्हणून. ती पाटी दिसली, गार्ड दिसला, की मगच तो म्हणतो, गाडी पूर्ण गेली. पाटी दिसली नाही तर गाडी कुठेतरी तुटून मागे राहिली असं धरतात आणि सगळी लाइन थांबवतात. इंजिन कुणाचंही असो, कुठलंही असो, गाडी आख्खी आहे हे शेवटावरून कळतं.

मी घरी येऊन अण्णांना म्हटलं, “नंबर सोडा. इंजिनाकडे बघूच नका. पुलाच्या कासारवाडीकडच्या कठड्याला उभे राहा, आणि गाडी संपेपर्यंत थांबा. मी शेवटी येते.” अण्णांनी विचार केला. मग म्हणाले, “म्हणजे आमच्या लाइनसारखंच. गाडी पुरी झाली का न्हाई ते शेवटच्या माणसानं सांगायचं.” आई भांडी लावत होती. तिने आमच्याकडे वळून बघितलं नाही, पण भांड्यांचा आवाज थोडा कमी झाला.

आता कधी कधी शेवटच्या डब्याच्या जागी एक छोटं यंत्र लावलेली गाडी शेजारच्या रुळावरून जाते. गार्ड नाही, ब्रेकव्हॅन नाही, एक लुकलुकणारा दिवा. यंत्र चोख काम करतं, त्याला पाणी लागत नाही, बाथरूम लागत नाही. मला त्याचा राग नाही. पण त्या गाडीकडे बघून हात उचलावा म्हटलं तर उचलायचा कुणाला, ते कळत नाही आणि जरा वाईट वाटतं.

त्या हंगामातली मोटारींची शेवटची फेरी मला खंडेनवमीच्या दिवशी लागली. कारखान्याकारखान्यांत मशिनींना हळद-कुंकू वाहिलेलं, लॉबीत झेंडूची ढीगभर फुलं. निकमांनी इंजिनाला हार घातला होता आणि मला वॉकीटॉकीवर सांगितलं, “तुमच्या डब्यालाही घाला.” मालधक्क्यावरच्या हमालांनी एक माळ आणून माझ्या डब्याच्या कठड्याला बांधून दिली. आत होत्या अण्णांच्या लाइनवरच्या मोटारी. गुवाहाटीकडची लगीनसराई आणि दिवाळी गाठायला निघालेल्या. अण्णांचा कंपनीतला शेवटचा दिवस आदल्या दिवशीच झाला होता, शाल आणि नारळ घेऊन ते घरी आले होते.

दुपारचं लख्ख ऊन होतं. गाडी सावकाश चालली होती, पुढचा सिग्नल पिवळा होता. पुलाखालची सावली माझ्यावरून सरकली आणि मी मागच्या ओट्यावर, मागे तोंड करून उभी राहिले.

वर कासारवाडीकडच्या कठड्याला सगळी लाइन उभी होती. अण्णा, लोखंडे काका, त्यांचे दोस्त, कुणाकुणाच्या बायका. आणि अण्णांच्या शेजारी, पर्स पोटाशी घट्ट धरून, आई. ती येणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अण्णा हात लांब करून दोस्तांना दाखवत होते आणि मोठमोठ्याने काहीतरी सांगत होते. लोखंडे काकांनी डोक्यावरची टोपी काढली. मी नियमाप्रमाणे हिरवा झेंडा हातात धरून ताठ उभी होते. हलवायचा नव्हता, पण थोडासा हलला असेल.

आईने हात केला नाही. बाकीचे हात हलवत होते, ती फक्त बघत होती. डबा लांब जात गेला, पूल लहान होत गेला, माणसांचे ठिपके झाले, तरी तिचा ठिपका कठड्यापासून हलला नव्हता. मला त्या वेळी फार अभिमान वाटला. आईबापांचा वाटला, त्या रंग उडालेल्या डब्यांचा वाटला, आणि लाजायचं कशाला, स्वतःचाही वाटला. टेबलाचं उत्तर मला तिथेच, कासारवाडी यायच्या आत, मिळालं. राहिलं होतं ते एवढंच, की आईला कसं सांगायचं.

घरी आले तेव्हा दसरा उलटून गेला होता. आईने जेवायला वाढलं. मग म्हणाली, “लोखंड्यांच्या मंडळींनी मला इच्यारलं, आत किती गाड्या हायत्या म्हणून. मला कुठं ठावं.” थोड्या वेळाने म्हणाली, “केवढी लांब गं ती. सरता सरंना.” एवढंच. मी टेबलाचा विषय काढणार होते, पण झोपेने डोळे मिटत होते. उठल्यावर सांगू, असं ठरवून आतल्या खोलीत आडवी झाले.

फोन वाजला तेव्हा मी अर्धवट झोपेत होते. फोन बाहेर चार्जिंगला होता. आईने उचलला.

“कोण? ऑफिसातनं? ती झोपलीय,” आई म्हणाली. “न्हाई, उठवत न्हाई. परवापासनं ड्यूटीवर होती.” पलीकडून क्लार्क बाईंनी विचारलं असणार की आपण कोण बोलताय. मग एरवी परक्या माणसाशी बोलताना होतो तसा आवाज बारीक न करता आई स्पष्ट म्हणाली, “मी गुवाहाटी गाडीच्या गार्डची आई बोलतेय.”

मी डोळे उघडले, पण हलले नाही.

“टेबलाचं ना? ठावं हाय मला. लई उपकार झाले, बाई, तुमी आठवण ठेवली. पण ती न्हाई येणार.” तिने पलीकडचं ऐकून घेतलं. “न्हाई, तिनं सांगितलेलं न्हाई. मी बघून आलेय.”

फोन ठेवल्याचा आवाज आला. दोन-तीन दिवसांनी मी स्वतः पुण्याला जाऊन बाईंना तेच सांगितलं आणि त्यांचे आभार मानले. पण त्या वेळी आई आत आली. मी डोळे मिटून घेतले. तिने खिडकीचा पडदा ओढला, माझ्या पायांवरची चादर नीट केली आणि बाहेर जाऊन अण्णांना हळू आवाजात म्हणाली, “टीव्ही बारीक करा जरा. पोरीला दुपारी गाडी काढायचीय.”